वतन, हजेरी, वेठ : करवीरच्या दप्तरातील काही शब्दांचा इतिहास

आपल्या चळवळीत घोषणांचा अभ्यास पुष्कळ झाला, कवितांचा झाला, पुढाऱ्यांच्या भाषणांचा तर झालाच झाला. पण ज्या शब्दांनी आपल्या आज्या-पणज्यांना गावाशी बांधून ठेवले आणि ज्या शब्दांनी त्यांना त्यातून सोडविले, ते कचेरीतले शब्द मात्र आपण वकिलांवर आणि तलाठ्यांवर सोपवून मोकळे झालो. वतन, जुडी, रयतावा, हजेरी, वेठ, नवी शर्त, कूळ, अनुसूची हे शब्द रुक्ष आहेत खरे. परंतु दलितांचा इतिहास पोथ्यांपेक्षा या शब्दांतच अधिक लिहिला गेला आहे, असे माझे मत आहे. कोल्हापुरात हे विशेष स्पष्ट दिसते. इथे एका राजाने वीस वर्षांच्या आत यांतल्या बहुतेक शब्दांना हात घातला. काही रद्द केले, काहींचा अर्थ बदलला, काही नव्याने घडविले.

मी कोल्हापूर जिल्ह्यात शिक्षकी केली आणि सुट्टीत मोडी शिकलो. जुनी दप्तरे वाचताना पहिली गोष्ट ध्यानात येते ती अशी की, आपली न्यायाची भाषा ही एका घरची नाही. फिर्याद, दावा, वकील, हुकूम, कब्जा, जप्ती, दस्त हे फारसी-अरबीतून आले. गहाण, साक्ष, भोगवटा हे संस्कृत-प्राकृताच्या वाटेने आले. अपील, नोटीस, समन्स इंग्रजांनी दिले. महारवाड्यातून, मांगवाड्यातून आलेला शब्द या यादीत शोधावा लागतो. हाडकी, हाडोळा ही वतनी जमिनीची नावे तेवढी सापडतात. शब्द दुसऱ्यांनी केले आणि त्यांचे ओझे आपण वाहिले, असा हा व्यवहार आहे.

‘हक्क’ या शब्दापासूनच पाहू. महारांना बेदरच्या बादशहाकडून बावन्न हक्क मिळाले अशी परंपरागत कथा आहे. तिची ऐतिहासिकता हा निराळा प्रश्न आहे. आपली जुनी माणसे हे बावन्न हक्क मोठ्या अभिमानाने सांगत. मेलेल्या जनावराचे कातडे हा हक्क. मढ्यावरचे कापड हा हक्क. सुगीच्या वेळी खळ्यावरून पेंढी मागणे हा हक्क. आता या हक्कांची दुसरी बाजू पाहा. मेलेले जनावर ओढून नेणे सक्तीचे होते म्हणून कातड्यावर हक्क. मरणाची वर्दी घेऊन दहा-वीस कोस उन्हातान्हात धावणे सक्तीचे होते म्हणून कापडावर हक्क. आधुनिक कायद्यात हक्क म्हणजे जो बजावायचा की नाही हे धारकाने ठरवायचे. न बजावल्यास त्याला मार बसत नाही. या अर्थाने बावन्नांपैकी किती ‘हक्क’ उरतात? माझ्या मते एकही नाही. ते सगळे वेतन होते, आणि वेतन म्हणूनही अपुरे व गावाच्या मर्जीवरचे. परंतु त्याला हक्क म्हटल्यामुळे ते सोडणे म्हणजे वाडवडिलांची मिळकत सोडणे असे वाटू लागले. गुलामाला आपली बेडी दागिन्यासारखी वाटू लागते ती अशा शब्दांमुळेच.

‘वतन’ या शब्दाचे तसेच झाले. अरबीत वतन म्हणजे मायदेश, राहण्याची जागा. मराठी राज्यव्यवस्थेत त्याचा अर्थ वंशपरंपरेची चाकरी आणि त्या चाकरीबद्दल मिळणारी जमीन किंवा उत्पन्न असा झाला. देशमुखाचे वतन, पाटलाचे वतन, कुलकर्ण्याचे वतन, आणि महाराचेही वतन. शब्द एकच. पाटील वतनदार आणि महारही वतनदार. गावाच्या कागदावर महाराची निशाणी उठत असे आणि शिवेच्या तंट्यात त्याची साक्ष मोलाची धरली जाई, हे खोटे नाही. पण इंग्रजांनी १८७४ साली मुंबई इलाख्यात वंशपरंपरागत हुद्द्यांचा कायदा केला तेव्हा या एका शब्दाच्या आतली उतरंड लेखी झाली. पाटील-कुलकर्णी हे गावकामगार वरच्या प्रतीचे आणि महार, रामोशी इत्यादी ‘कनिष्ठ’ गावकामगार. पुढे जो कायदा आपल्याला लागू झाला त्याच्या नावातच हा कनिष्ठ शब्द येऊन बसला.

महाराच्या वतनी जमिनीवर पूर्ण सारा नसे, ‘जुडी’ असे. जुडी म्हणजे सवलतीचा सारा. ऐकायला हे बरे वाटते. पण जमीन एक आणि वाटेकरी शंभर, अशी स्थिती पिढ्यानुपिढ्या वाढत गेली. जमिनीच्या तुकड्यात एका घराचे पोट भरत नव्हते. चाकरी मात्र तुकड्यागणिक विभागली जात नव्हती, ती सगळ्यांच्या मानेवर सबंधच होती. सरकारी कामगार कोणाही महाराला कोणत्याही वेळी हाक मारू शकत होता. नोकराला कामाचे तास असतात, वतनदाराला नव्हते. नोकराला राजीनामा देता येतो. वतनदाराने राजीनामा कोणाकडे द्यायचा, आपल्या जन्माकडे?

अशा परिस्थितीत शाहू महाराजांनी १९१८ साली करवीर संस्थानात महार वतने रद्द केली व त्या जमिनी ‘रयतावा’ केल्या. हा शब्द तरुण वाचकांसाठी फोडून सांगितला पाहिजे. रयतावा म्हणजे जमीन रयतेच्या इतर जमिनींप्रमाणे झाली. पूर्ण सारा भरायचा, आणि त्या बदल्यात चाकरीतून सुटायचे. कायद्याच्या दृष्टीने ही मोठी उलथापालथ होती. आदल्या दिवसापर्यंत जो मनुष्य जमिनीच्या निमित्ताने सरकारचा व गावाचा जन्मजात चाकर होता, तो दुसऱ्या दिवशी खातेदार शेतकरी झाला. त्याच वर्षी महाराजांनी कुलकर्णी वतनेही खालसा करून पगारी तलाठी नेमण्याची व्यवस्था केली. या दोन्ही गोष्टी एकत्र वाचाव्यात. चावडीतल्या दप्तराची मक्तेदारी आणि चावडीपुढची ताबेदारी, दोन्हींना एकाच वर्षात धक्का बसला. दुसऱ्या धक्क्याबद्दल वर्तमानपत्रांतून फारशी ओरड झाली नाही. पहिल्याबद्दल किती झाली हे सांगण्याची गरज नाही.

रयतावा या शब्दाला दुसरीही धार आहे आणि ती आपण लपवू नये. वतनी जमीन वतनाबाहेर विकता येत नसे. रयतावा झालेली जमीन विकता येते, म्हणजेच ती कर्जापायी जातेही. स्वातंत्र्याबरोबर बाजार आला. सारा पूर्ण, हाती बैल नाही, बी-बियाणे नाही, सावकाराशिवाय दुसरी पेढी नाही, अशा नव्या शेतकऱ्याची जमीन टिकणे अवघड होते. म्हणून काही मंडळी असे म्हणतात की वतन होते तेच बरे होते, निदान जमीन तरी राहिली असती. मला हे म्हणणे मान्य नाही. जमीन राखण्यासाठी माणूस गहाण ठेवावा, असा त्याचा अर्थ होतो. उणीव रयतावा करण्यात नव्हती, त्याच्या मागे भांडवल उभे न राहण्यात होती. या दोन गोष्टींची गल्लत करून शाहू महाराजांच्या निर्णयाला दोष देणे हे इतिहासाचे चुकीचे वाचन होय.

संस्थानाच्या हद्दीबाहेर हे झाले नाही. २१ व २२ मार्च १९२० रोजी कागल जहागिरीतील माणगावला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृत वर्गाची परिषद भरली, शाहू महाराज तिला स्वतः आले. त्यानंतर आठ वर्षांनी, मार्च १९२८ मध्ये, बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. त्याचा गाभा असा होता की, ज्या वतनदाराला चाकरी नको असेल त्याला पूर्ण सारा भरून जमीन स्वतःकडे ठेवता यावी, आणि बलुत्याचे रूपांतर रोख रकमेत होऊन ते सरकारमार्फत मिळावे. म्हणजे जे करवीरात हुकुमाने झाले, त्याच दिशेने जाण्यासाठी ब्रिटिश मुलखात विधेयक मांडावे लागले. आणि १९२९ साली ते परत घ्यावे लागले. १९३७ साली बाबासाहेबांनी पुन्हा प्रयत्न केला. उलट सरकारने जुडीवर जादा आकारणी केली, आणि तिच्याविरुद्ध डिसेंबर १९३९ मध्ये अहमदनगर जिल्ह्यातील हरेगावला महार वतनदारांची परिषद भरवावी लागली. ‘सवलतीचा सारा’ वाढविण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे ठेवलेला होता, चाकरीचा मोबदला वाढविण्याची आठवण मात्र त्याला कधी झाली नाही.

स्वातंत्र्यानंतरचा क्रम पाहण्यासारखा आहे. परगणे व कुलकर्णी वतने रद्द करणारा कायदा १९५० चा. कनिष्ठ गाव वतने रद्द करणारा मुंबईचा कायदा १९५८ चा, आणि त्याचा अंमल १ ऑगस्ट १९५९ पासून. म्हणजे करवीरानंतर एकेचाळीस वर्षांनी! आज ज्याला आपण कोल्हापूर जिल्हा म्हणतो त्यात हा काळाचा फरक गावागणिक दिसावा अशी स्थिती होती. करवीर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. चंदगडचा भाग तर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता. एकाच जिल्ह्यातल्या दोन महारवाड्यांत ‘वतन’ या शब्दाचा अर्थ वेगवेगळ्या काळी मेला. संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांनी कोल्हापूर जिल्हा एकसंध धरून लिहू नये, असे मी त्यांना नेहमी सांगतो.

१९५८ च्या कायद्यातील शब्दांकडे बारकाईने पाहिले पाहिजे, कारण ते आजही सातबाऱ्यावर जिवंत आहेत. या कायद्याने वतन रद्द झाले, म्हणजे जमीन आधी सरकारकडे गेली. मग साऱ्याच्या तिप्पट इतकी कब्जेहक्काची रक्कम ठरलेल्या मुदतीत भरणाऱ्या वतनदाराला ती ‘पुनःप्रदान’ झाली, बोलीभाषेत ‘रिग्रँट’ झाली. ज्यांनी रक्कम भरली नाही त्यांचे काय? ते कसत राहिले, पण कागदावर त्यांचा कब्जा अनधिकृत ठरला. तिप्पट सारा ही रक्कम मोठी नव्हती. मोठी अडचण ही होती की, अशी रक्कम भरायची असते हे कळविणारा कागद ज्या भाषेत येत होता ती घरात कोणालाच येत नव्हती. पिढ्यानुपिढ्या ताब्यात असलेली जमीन ‘सरकारजमा’ होते म्हणजे काय, हे समजायला ती जमीन जावी लागली, अशी उदाहरणे मी माझ्या परिसरात पाहिली आहेत.

ज्यांनी रक्कम भरली त्यांना जमीन मिळाली ती ‘नवीन व अविभाज्य शर्तीने’. या चार शब्दांत दोन अटी आहेत. नवीन शर्त म्हणजे जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवाचून हस्तांतर नाही, आणि अविभाज्य म्हणजे त्याच्या परवानगीवाचून वाटणीही नाही. पण भाऊ वेगळे निघाले की वाटणी होतेच, ती तोंडी होते. पुढे एकाचा मुलगा शहरातून येतो, सातबाऱ्यावर आपले नाव शोधतो आणि ते सापडत नाही. मग दोन भावांचे वंशज एकमेकांचे शत्रू होतात. विक्री परवानगीशिवाय झाली असेल तर ‘शर्तभंग’ हा शब्द येतो, आणि घेणाऱ्यापेक्षा देणाराच अधिक नाडला जातो. कारण पैसे केव्हाच खर्च झालेले असतात.

एकदा एका तालुक्याच्या कचेरीबाहेर एका बाईने सातबाऱ्याचा उतारा माझ्यापुढे धरला आणि विचारले, “गुरुजी, हितं वर्ग दोन लिवलंय. आमी दुसऱ्या वर्गाची मान्सं म्हनून का?” तिचा प्रश्न ऐकून शेजारचा लेखनिक हसला. मला त्यात हसण्यासारखे काही दिसले नाही. भोगवटादार वर्ग दोन याचा कायद्यातला अर्थ एवढाच की, या जमिनीच्या हस्तांतरावर निर्बंध आहेत. वर्ग एकवर ते नाहीत. आपल्या जमीन महसुलाच्या कायद्यात खाजगी खातेदाराला प्रायः ‘मालक’ म्हटलेलेच नाही, तो भोगवटादार आहे. हे मी बाईंना सांगितले. त्यांनी ते ऐकून घेतले आणि पुन्हा विचारले, “मग पाटलाच्या उताऱ्यावर एक का?” या प्रश्नाचे उत्तर व्याख्येत नाही, इतिहासात आहे. पाटलाचीही वतनी जमीन असेल तर ती नव्या शर्तीवर असू शकते. परंतु पाटलाकडे वतनाखेरीज दुसरी जमीन असते, आणि महाराकडे जी होती ती वतनाचीच होती. त्यामुळे वर्ग दोन हा जमिनीचा वर्ग असूनही बाईंना तो माणसांचा वर्ग वाटला. त्यांचे फारसे चुकले असे मला वाटत नाही.

‘कूळ’ हा शब्द याहून कठोर निघाला. घराण्याच्या अर्थाने कूळ निराळे. जमिनीच्या कायद्यात कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन खंडाने कसणारा. १९४८ च्या कूळकायद्याने कुळाला संरक्षण दिले आणि पुढे ‘कसेल त्याची जमीन’ या तत्त्वाने त्याला मालकी दिली. हे तत्त्व पुरोगामी आहे आणि त्याला विरोध करण्याचे कारण नाही. परंतु महार वतनाच्या जमिनी पुष्कळ ठिकाणी कोण कसत होता? महारापाशी बैल नव्हते, म्हणून त्याने जमीन गावातल्या बैल असलेल्या शेतकऱ्याला खंडाने दिलेली होती. १९५८ च्या कायद्याने अशा कायदेशीर खंडाला कूळकायदा लागू केला. परिणामी शोषिताच्या बाजूने केलेला शब्द इथे उलटा फिरला. कागदावर महार झाला जमीनदार आणि त्याच्यापेक्षा दसपट जमीन असलेला गावकरी झाला कूळ! वर्गाच्या भाषेत जात न मोजल्यामुळे काय होते, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. आपल्या डाव्या मित्रांशी चर्चा करताना हे उदाहरण मी अनेकदा दिले आहे. त्यांचे उत्तर अजून यायचे आहे.

आता ‘हजेरी’. करवीर संस्थानात महार, मांग, रामोशी, बेरड या जातींच्या माणसांना रोज चावडीवर हजेरी द्यावी लागे. परगावी जायचे तर परवानगी घ्यावी लागे. गुन्हा केला म्हणून नव्हे, जन्म झाला म्हणून. शाहू महाराजांनी १९१८ साली ही पद्धत बंद केली. ब्रिटिश मुलखात मात्र १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याचा वारसा चालूच होता. तो संपला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, आणि त्या जमातींना ‘विमुक्त’ हे नाव मिळाले. परंतु त्याच सुमारास ‘सराईत गुन्हेगारां’चे कायदे आले. गुन्हेगारी जन्माऐवजी सवयीवर ठरवू, असे हे कायदे म्हणतात. तत्त्वतः फरक मोठा आहे. पोलीस पाटलाच्या डोक्यात तो फरक किती उतरला, हे ज्यांच्या पालावर रात्री झडती येते त्यांना विचारावे.

हजेरी हा शब्द मजुरांच्या बाजूलाही आहे. रोजगार हमीच्या कामावर हजेरीपट असतो, आणि त्यावर नाव लागले की मजुरी मिळते. महाराष्ट्राचा रोजगार हमीचा कायदा १९७७ चा. एका वहीत नाव लागले की मनुष्य संशयित, दुसऱ्या वहीत नाव लागले की तो कामाचा अधिकारी. रोज नाव पुकारायचे आणि ‘हजर’ म्हणायचे, क्रिया तीच. शब्दाचा अर्थ वही कोणत्या कायद्याखाली ठेवली आहे यावर ठरतो, म्हणून नुसता शब्दकोश पाहून भागत नाही.

‘वेठ’ शब्द संस्कृत ‘विष्टि’पासून आला, आणि ‘बिगार’ फारसीतून. दोन भाषांनी मिळून एक समास केला, कारण दोन्ही राजवटींना फुकटची मेहनत हवी होती. संस्थानी अधिकारी गावात आला की त्याचे सामान वाहणे, घोड्याला चारा, जळण, निरोप, सगळे वेठीत. शाहू महाराजांनी १९१८ ते १९२० या काळात जे हुकूम काढले त्यांत वेठबिगारीची बंदीही आली. १९५० साली भारतीय संविधानाने तेविसाव्या अनुच्छेदात तिला सर्व देशभर मनाई केली. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. संविधानाच्या इंग्रजी मजकुरातही हा शब्द ‘बेगार’ असाच आहे. त्याला नेमका इंग्रजी प्रतिशब्द घातलेला नाही. संविधानाच्या सगळ्या जडजंबाल इंग्रजीत हा एक शब्द आपल्या चावडीचा, आपल्या पाठीवरच्या ओझ्याचा आहे.

या अनुच्छेदाचा दुसरा खंड कार्यकर्त्यांनी पाठ करावा. सार्वजनिक कामासाठी राज्याला सक्तीची सेवा लादता येते. परंतु ती लादताना धर्म, वंश, जात किंवा वर्ग एवढ्याच कारणावरून भेदभाव करता येत नाही. गावोगाव यात्रेत, उत्सवात, मयतीत ‘हे काम तुमच्याकडेच आहे’ असे सांगितले जाते. अशा वेळी ‘गावकी’ हा शब्द पुढे केला जातो. गावकी म्हणजे गावाचे सामायिक काम असेल तर ते सर्वांनी पाळीपाळीने करावे. एकाच वस्तीवर ते ढकलले तर त्याचे नाव गावकी नव्हे, बेगार. शिवाय १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने, दिल्लीतील आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात, असा निर्णय दिला की, किमान वेतनापेक्षा कमी मजुरीत करावे लागणारे काम हेही सक्तीचेच काम होय. पोटाच्या सक्तीलाही न्यायालयाने सक्ती मानले. वेठीचा अर्थ फुकट एवढाच होता, तो तेव्हापासून ‘कायद्याने ठरलेल्याहून कमी’ इथवर पोहोचला. उसाच्या फडात आणि वीटभट्टीवर उचल घेऊन राबणाऱ्यांच्या दृष्टीने हा निर्णय वतन रद्द होण्याइतकाच महत्त्वाचा आहे, पण तो त्यांच्यापर्यंत पोहोचविला कोणी?

‘मागासलेले’ या शब्दाचा जन्मही एका अर्थी करवीरचाच. २६ जुलै १९०२ च्या हुकुमाने शाहू महाराजांनी रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांना राखून ठेवल्या. त्या वेळी ते विलायतेत होते. या हुकुमाची व्याख्या मला फार मार्मिक वाटते. मागासलेले कोण, याची यादी त्यात नाही. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग वगळून बाकी सगळे, अशी ती व्याख्या आहे. म्हणजे मोजमाप मागासलेपणाचे नाही, खुर्च्यांचे आहे. १८९४ साली संस्थानाच्या ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते, आणि कारकुनीच्या ५०० जागांपैकी ब्राह्मणेतरांकडे अवघ्या १०. या आकड्यांपुढे मागासलेपण हा कोणाच्या बुद्धीचा दोष म्हणून उभाच राहू शकत नाही.

तरी या व्याख्येत एक अडचण होती. मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान, महार, मांग सगळे एकाच शब्दाखाली आले. निम्म्या जागांसाठी धावताना ज्याच्या पायात आधीच जोडे होते तो पुढे गेला असल्यास नवल नाही. वेगळी वर्गवारी आली ती १९३५ च्या कायद्याने व १९३६ च्या यादीने, ‘शेड्यूल्ड कास्ट’ या नावाने. अनुसूची म्हणजे कायद्याला जोडलेली यादी, याहून त्या शब्दात काही गूढ नाही. पण यादीला अट जोडली की शब्द माणसे गाळू लागतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात हिंदू धर्माची अट होती. शिखांसाठी ती १९५६ साली सैल झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरात नागपूरला लाखो माणसे बौद्ध झाली, आणि केंद्राच्या यादीत बौद्ध यायला १९९० उजाडले. मधली चौतीस वर्षे केंद्राच्या लेखी ही माणसे अस्पृश्यही नव्हती आणि अनुसूचितही नव्हती. गाव मात्र त्यांना पूर्वीच्याच नावाने ओळखत होते. महाराष्ट्र सरकारने १९६० पासून आपल्यापुरत्या सवलती दिल्या, त्यासाठी ‘नवबौद्ध’ हा शब्द दप्तरात आला. दलित हा आपला शब्द, आपल्या साहित्याचा शब्द. फिर्याद लिहिताना मात्र जातीचे नाव आणि ‘अनुसूचित जाती’ असेच लिहावे लागते, हे तरुण कार्यकर्त्यांनी विसरू नये.

शाहू महाराजांना हे कळले होते की हुकूम काढून भागत नाही, हुकूम वाचणारा माणूस आपला पाहिजे. त्यांनी काही अस्पृश्य तरुणांना वकिलीच्या सनदा दिल्या. तेव्हा त्यावर टीका झाली की परीक्षेशिवाय वकील कसा? टीकाकारांच्या पूर्वजांना वतनाच्या सनदा कोणत्या परीक्षेने मिळाल्या होत्या, असे कोणी विचारले नाही. १७ ऑगस्ट २०२५ रोजी कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचे उद्घाटन झाले आणि दुसऱ्या दिवशी काम सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांचे खटले आता इथे चालतात. लोक त्याला सरसकट खंडपीठ म्हणतात. राज्य पुनर्रचना कायद्यात कायम खंडपीठ आणि अशी बैठक या दोन निरनिराळ्या तरतुदी आहेत. उद्घाटनाला सरन्यायाधीश भूषण गवई आले होते, याचा आपल्या लोकांना आनंद झाला आणि तो रास्त होता. मुंबईचे हेलपाटे वाचले. पण उच्च न्यायालयाची भाषा संविधानाच्या ३४८ व्या अनुच्छेदाप्रमाणे इंग्रजीच आहे. करवीरच्या मोडीतल्या हुकुमावर चाललेला वाद इथे इंग्रजीत ऐकावा लागेल.

शेवटी ‘सार्वजनिक’ या शब्दाबद्दल थोडे. महाडच्या चवदार तळ्याचा दावा दहा वर्षे चालला तो तळे सार्वजनिक की खाजगी, आणि अस्पृश्यांना बंदी ही अनादि वहिवाट आहे की नाही, एवढ्याच शब्दांवर. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सवर्णांचे अपील फेटाळले, अशी अनादि वहिवाट सिद्ध झालेली नाही म्हणून. कोल्हापुरात याआधीच, १९१९ साली, शाहू महाराजांनी सरकारी दवाखाने, शाळा, धर्मशाळा, पाणवठे यांवर अस्पृश्यता पाळू नये असे हुकूम काढले होते. पाण्याला शिवल्याबद्दल मार खाल्लेल्या गंगाराम कांबळे यांनी महाराजांच्या मदतीने कोल्हापुरात हॉटेल काढले आणि महाराज तिथे चहा प्यायले, ही हकीकत सर्वांना माहीत आहे. ती केवळ औदार्याची गोष्ट नव्हे. हॉटेल ही सार्वजनिक जागा आहे आणि तिथला चहा राजाही घेतो, हे राजाने चारचौघांत केलेले कृत्य होते.

‘चारचौघांत’ हेच आज अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे मर्म झाले आहे. १९८९ च्या या कायद्यात जातीवरून अपमान गुन्हा ठरतो तो लोकांच्या नजरेच्या टप्प्यातील जागी झाला तर. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सार्वजनिक जागा निराळी आणि लोकांच्या नजरेतली जागा निराळी. घराचे फाटक खाजगी असले तरी रस्त्यावरून दिसते. २०२० साली त्याच न्यायालयाने सांगितले की घराच्या चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणी हजर नसताना झालेला अपमान या कलमात बसत नाही. म्हणून फिर्याद लिहून देताना आम्ही पोरांना एवढे तरी सांगतो. शिवी कोणती हे लिहाच, पण त्याआधी जागा लिहा. अंगण की ओसरी, रस्त्यावरून दिसते की नाही, त्या वेळी कोण कोण उभे होते, त्यांपैकी घरचे किती, बाहेरचे किती. फौजदार घाईत असतो, तो हे विचारीत नाही, आणि लिहून झालेला जबाब वाचून पाहिल्याशिवाय सही करू नका.